अनेक डोमेनच्या नेटवर्कसाठी फेडरेशन सर्व्हर लावताय? इन्स्टॉलच्या आधी हे प्लॅनिंग करा

ज्यांच्या कंपनीत एकापेक्षा जास्त ॲक्टिव्ह डिरेक्टरी (यूजर आणि मशीन सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) डोमेन आहेत, कदाचित दुसरी कंपनी विकत घेतल्यामुळे वेगळं फॉरेस्टसुद्धा (म्हणजे डोमेनचा वेगळा समूह) आलंय, आणि आता वरून सांगितलंय की सगळ्यांना एकाच लॉगिनवर सगळी ॲप्लिकेशन्स मिळाली पाहिजेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी हे काम केलंय, तेही बऱ्यापैकी गुंतागुंतीच्या नेटवर्कवर, आणि सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. फेडरेशन सर्व्हर, म्हणजे यूजरची एकदा ओळख पटवून बाकीच्या ॲप्लिकेशन्सना तसं सांगणारा सर्व्हर, इन्स्टॉल करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, विझार्ड चालवला की झालं. अवघड आहे ते नावांचं काम: डोमेनची नावं, यूजरची नावं, सर्व्हिसचं नाव, सर्टिफिकेटवरची नावं. ही कागदावर नीट बसली नसतील तर सर्व्हर कितीही भारी घ्या, कुठल्यातरी एका डोमेनच्या लोकांना लॉगिन होणारच नाही आणि का होत नाही तेही लवकर कळणार नाही.

उदाहरणं मी मायक्रोसॉफ्टच्या एडी एफएसची (ॲक्टिव्ह डिरेक्टरी फेडरेशन सर्व्हिसेस) देतोय, विंडोज सर्व्हर २०१६ आणि त्यापुढच्या आवृत्त्या धरून. दुसरं प्रॉडक्ट असेल तर कमांड बदलतील पण प्रश्न हेच राहतील.

१. आधी ठरवा की हे खरंच लागतंय का

क्लाउडमधल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या लॉगिनपुरतंच हवं असेल तर आज स्वतःचं फेडरेशन उभं करायची गरज बहुतेकांना नसते. पासवर्ड हॅश सिंक (पासवर्डचं सांकेतिक रूप क्लाउडला पाठवणं) किंवा पास-थ्रू ऑथेंटिकेशन (पासवर्ड आतल्या सर्व्हरवरच तपासणं) पुरतं, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच लोकांना एडी एफएसकडून एन्ट्रा आयडी या आपल्या क्लाउड लॉगिन सेवेकडे जायला सांगतंय. फेडरेशन घ्या ते ठोस कारण असेल तर. म्हणजे पासवर्डचा कुठलाच अंश बाहेर जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे, स्मार्ट कार्डचं लॉगिन आहे, जुनी ॲप्लिकेशन्स फक्त डब्ल्यूएस-फेडरेशन हा जुना लॉगिन प्रोटोकॉल बोलतात, किंवा भागीदार कंपनीशी थेट ट्रस्ट करायचाय. हे कारण एका वाक्यात लिहून वरिष्ठांची सही घ्या, कारण नंतर देखभालीचा खर्च दिसला की पहिला प्रश्न हाच येतो की हे लावलंच कशाला.

२. हातात काय काय हवं

काम सुरू करण्याआधी एवढं जमवा:

- सगळ्या फॉरेस्टची आणि डोमेनची यादी, प्रत्येकाचं डीएनएस नाव आणि नेटबायोस नाव
- ट्रस्टचा तक्ता: कोण कोणावर विश्वास ठेवतो, एकतर्फी की दुतर्फी, फॉरेस्ट ट्रस्ट की एक्स्टर्नल, सिलेक्टिव्ह ऑथेंटिकेशन (परवानगी दिलेल्यांनाच आत येऊ देणारी सेटिंग) चालू आहे का
- प्रत्येक डोमेनमधल्या यूजरची एक्सपोर्ट फाइल, त्यात यूपीएन (ईमेलसारखं दिसणारं लॉगिन नाव), सॅम अकाउंट नेम (जुन्या पद्धतीचं छोटं लॉगिन नाव), ईमेल आणि एम्प्लॉयी आयडी
- ॲप्लिकेशनची यादी, प्रत्येकाला सॅमल लागतं की ओपनआयडी कनेक्ट की डब्ल्यूएस-फेडरेशन (तिन्ही लॉगिनचे प्रोटोकॉल), आणि ते यूजरला कशावरून ओळखतं
- बाहेरच्या आणि आतल्या डीएनएसची ॲक्सेस असलेला माणूस, फायरवॉलवाला माणूस, सर्टिफिकेट विकत घेणारा माणूस (तिघांची नावं लिहून ठेवा, काम अडतं ते इथेच)
- टूल म्हणून पॉवरशेल, एडी मॉड्यूल, ब्राउझरचं सॅमल ट्रेसर आणि एक छोटी टेस्ट लॅब

यूजरची एक्सपोर्ट फाइल मागितली की लोक म्हणतात नंतर देतो. नंतर नको, आधीच घ्या, चौथ्या पायरीचा सगळा जीव त्यातच आहे.

३. ट्रस्टचा नकाशा काढा

सगळी डोमेन एकाच फॉरेस्टमध्ये असतील तर आनंद आहे. फॉरेस्टच्या आत सगळे ट्रस्ट आपोआप दुतर्फी आणि ट्रान्झिटिव्ह असतात, त्यामुळे एकच फार्म (मिळून एकच सेवा देणारे फेडरेशन सर्व्हर) सगळ्या डोमेनला पुरतो. प्रत्येक डोमेनमध्ये वेगळा फेडरेशन सर्व्हर लावायचा नाही, नव्या लोकांचा हा गैरसमज हमखास असतो. उलट एका फार्मचे सगळे सर्व्हर एकाच डोमेनमध्ये असावे लागतात. कुठलं डोमेन निवडायचं? जे पुढची काही वर्षं टिकणार आहे ते, आणि जिथले ॲडमिन सगळ्यात शिस्तीचे आहेत ते.

दोन किंवा जास्त फॉरेस्ट असतील तर इथे थांबून विचार करा. फेडरेशन सर्व्हर ज्या डोमेनमध्ये आहेत त्याने यूजरच्या फॉरेस्टवर विश्वास ठेवायला हवा, म्हणजे ट्रस्टची एक दिशा तर लागतेच. पण पासवर्ड तपासून झाल्यावर सर्व्हिस अकाउंट (ज्या अकाउंटखाली एडी एफएस चालतं ते) त्या यूजरचा ईमेल, ग्रुप वगैरे वाचायला यूजरच्या फॉरेस्टमध्ये जातं, आणि तिथे त्या अकाउंटला कोणी ओळखतच नसेल तर वाचणार काय? म्हणून व्यवहारात दुतर्फी फॉरेस्ट ट्रस्ट धरूनच चला. सिलेक्टिव्ह ऑथेंटिकेशन चालू असेल तर दोन्हीकडे परवानगी द्यावी लागते: इकडे फेडरेशन सर्व्हरवर त्या फॉरेस्टच्या यूजरना, तिकडे त्यांच्या डोमेन कंट्रोलरवर तुमच्या सर्व्हिस अकाउंटला.

आणि सिक्युरिटीवाले म्हणाले की दुतर्फी ट्रस्ट मिळणारच नाही, तर भांडत बसू नका. त्या फॉरेस्टमध्ये त्यांचा स्वतःचा छोटा फार्म लावा आणि तुमच्या फार्ममध्ये त्याला क्लेम्स प्रोव्हायडर (यूजरची माहिती, म्हणजे क्लेम, पुरवणारा) म्हणून जोडा. मग लॉगिनच्या पानावर तू कुठल्या कंपनीचा असं विचारणारं पान येतं, त्याला होम रिल्म डिस्कव्हरी म्हणतात, पण क्लेम्स प्रोव्हायडर ट्रस्टवर ईमेलचा शेवटचा भाग नोंदवून ठेवला की यूजरने पत्ता टाकल्यावर तो आपोआप योग्य ठिकाणी जातो. हा रस्ता मला मनापासून आवडतो, विशेषतः ताज्या विलीन झालेल्या कंपन्यांमध्ये, कारण यात दोन फॉरेस्ट एकमेकांत गुंतवावी लागत नाहीत आणि उद्या कंपनी वेगळी झाली तरी एक ट्रस्ट काढला की विषय संपतो.

४. यूजरची ओळख कशावरून, हे ठरवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिला सापळा सॅम अकाउंट नेमचा. हे नाव फक्त त्या डोमेनच्या आतच युनिक असतं. दोन डोमेनमध्ये एकाच नावाची दोन वेगळी माणसं असणं अगदी साधी गोष्ट आहे, आणि एखाद्या ॲप्लिकेशनला तुम्ही फक्त सॅम अकाउंट नेम पाठवलंत तर एका माणसाला दुसऱ्याचा डेटा दिसू शकतो. लॉगिन फेल झालं तर निदान कोणीतरी ओरडतं, इथे काहीच फेल होत नाही, म्हणून हे जास्त धोकादायक. एक्सपोर्ट फाइल सॉर्ट करून डुप्लिकेट काढा, सॅम अकाउंट नेमचे, ईमेलचे आणि यूपीएनचे, तिन्ही.

दुसरा सापळा यूपीएनचा. बऱ्याच जुन्या नेटवर्कमध्ये यूपीएनच्या शेवटी डॉट लोकल असतं. ते इंटरनेटवर कोणाच्या मालकीचं सिद्ध करता येत नाही त्यामुळे क्लाउड सेवा ते स्वीकारत नाहीत. उपाय सोपा आहे, फॉरेस्टमध्ये सार्वजनिक डोमेनचा यूपीएन सफिक्स (ॲटनंतरचा भाग) ॲड करायचा आणि यूजरचे यूपीएन बदलायचे, शक्यतो ईमेलसारखेच ठेवायचे. पण बदलण्याआधी जुना यूपीएन वापरणारी ॲप्लिकेशन्स आणि स्मार्ट कार्डची सर्टिफिकेटं शोधून काढा.

तिसरा सापळा खास दोन फॉरेस्टवाल्यांचा आणि तो लॅबमध्ये दिसत नाही. समजा दोन्ही फॉरेस्टना तुम्ही कंपनी.कॉम हाच सफिक्स दिला. फॉरेस्ट ट्रस्टमध्ये नेम सफिक्स राउटिंग असतं, त्याला एक सफिक्स एकाच फॉरेस्टकडे पाठवता येतो, तो दोन ठिकाणी दिसला की कॉन्फ्लिक्ट होतो आणि एका बाजूच्या लोकांचं यूपीएनने लॉगिन होत नाही. म्हणून जमेल तर प्रत्येक फॉरेस्टला वेगळा सफिक्स द्या. सगळ्यांचा ईमेल एकाच डोमेनचा असलाच पाहिजे असा हट्ट असेल तर अल्टरनेट लॉगिन आयडी बघा, त्यात यूजर ईमेलने लॉगिन करतो आणि एडी एफएस तुम्ही सांगितलेल्या फॉरेस्टमध्ये तो शोधतं. अट अशी की ते ॲट्रिब्यूट इंडेक्स केलेलं, ग्लोबल कॅटलॉगमध्ये असलेलं आणि सगळ्या फॉरेस्टमध्ये मिळून युनिक हवं.

चौथं म्हणजे कायमची ओळख. लग्नानंतर आडनाव बदलतं, ईमेल बदलतो, माणूस एका डोमेनमधून दुसऱ्यात जातो. ऑब्जेक्ट जीयूआयडी (डिरेक्टरीने प्रत्येक नोंदीला दिलेला ओळख क्रमांक) युनिक असतो पण यूजर दुसऱ्या फॉरेस्टमध्ये हलवला की तिथे नवा बनतो, म्हणून क्लाउड सिंकसाठी एमएस-डीएस-कन्सिस्टन्सी-जीयूआयडी हे ॲट्रिब्यूट वापरा, ते तुम्हाला मूल्यासकट पुढे नेता येतं.

५. फेडरेशन सर्व्हिसचं नाव

उदाहरणार्थ एसटीएस.कंपनी.कॉम. हे एकदाच नीट निवडा, कारण प्रत्येक ॲप्लिकेशन, प्रत्येक भागीदार हेच नाव नोंदवून ठेवणार आणि नंतर बदलणं म्हणजे सगळ्यांना पुन्हा फोन. नियम तीन:

- हे नाव कुठल्याही सर्व्हरच्या होस्टनेमसारखं नको. सर्व्हिस अकाउंटवर याच नावाचा एसपीएन (सर्व्हिसची डोमेनमधली ओळख) लागतो, सर्व्हरचं नावही तेच असेल तर एसपीएन डुप्लिकेट होतो आणि कर्बेरॉस, म्हणजे डोमेनमधली तिकिटावर चालणारी लॉगिन पद्धत, मोडतं.
- डीएनएसमध्ये ए रेकॉर्डच (नाव थेट आयपी पत्त्याला जोडणारी नोंद) बनवा. सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) केलंत तर ब्राउझर मूळ नावाचं कर्बेरॉस तिकीट मागू शकतो, मग आतल्या लोकांना उगाच पासवर्डची खिडकी येत राहते.
- विकल्या जाऊ शकणाऱ्या ब्रँडचं किंवा विभागाचं नाव त्यात घालू नका.

मग स्प्लिट डीएनएस. ऑफिसच्या आतून हे नाव फेडरेशन फार्मच्या लोड बॅलन्सरकडे जायला हवं आणि बाहेरून वेब ॲप्लिकेशन प्रॉक्सीकडे (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा सर्व्हर). अनेक फॉरेस्ट असतील तर प्रत्येकाचा डीएनएस वेगळा असतो, एका ठिकाणी रेकॉर्ड टाकून लोक मोकळे होतात आणि दुसऱ्या फॉरेस्टमधले लोक ऑफिसात बसून बाहेरच्या रस्त्याने प्रॉक्सीवर जाऊन लॉगिन फॉर्म भरत बसतात. आतल्या डीएनएसमध्ये पूर्ण कंपनी.कॉम झोन नसेल तर फक्त एसटीएस.कंपनी.कॉम एवढ्याच नावाचा छोटा झोन बनवा म्हणजे बाकीची नावं बिघडत नाहीत.

हीच गोष्ट ग्रुप पॉलिसीची. सर्व्हिसचं नाव ब्राउझरच्या इंट्रानेट झोनमध्ये टाकणारी पॉलिसी प्रत्येक डोमेनमध्ये स्वतंत्र लावावी लागते. एका डोमेनमध्ये सिंगल साइन-ऑन छान चालतंय आणि शेजारच्यात पासवर्ड विचारतंय अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी डीएनएस आणि ही पॉलिसी बघतो, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

६. सर्व्हिस अकाउंट आणि डेटाबेस

अकाउंट ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंटच घ्या, पासवर्ड डोमेन स्वतः बदलतं. त्यासाठी केडीएस रूट की (हे पासवर्ड जिच्यावरून बनतात ती किल्ली) लागते आणि ती बनवल्यावर १० तासांनी वापरता येते, कारण सगळ्या डोमेन कंट्रोलरपर्यंत ती पोचायला हवी. इन्स्टॉलच्या आदल्या दिवशीच बनवून ठेवा.

डेटाबेस विंडोज इंटर्नल डेटाबेस की एसक्यूएल? ॲप्लिकेशन्स १०० पर्यंत आणि सर्व्हर ३० पर्यंत असतील तर इंटर्नल डेटाबेस पुरतो, आणि मी तोच सुचवेन, कारण वेगळा एसक्यूएल क्लस्टर सांभाळणं हे आणखी एक काम असतं. त्यात एक सर्व्हर प्रायमरी असतो, बदल फक्त त्याच्यावरच करता येतात, बाकीचे दर ५ मिनिटांनी त्याच्याकडून कॉपी घेतात. प्रायमरी पडला तरी लॉगिन चालूच राहतं, फक्त कॉन्फिगरेशन बदलता येत नाही आणि दुसऱ्याला प्रायमरी करावं लागतं. टोकन रिप्ले डिटेक्शन (लॉगिनचं ओळखपत्र, म्हणजे टोकन, पुन्हा वापरलं जातंय का ते ओळखणं) किंवा सॅमल आर्टिफॅक्ट (पूर्ण टोकनऐवजी त्याचा फक्त संदर्भ पाठवणं) लागत असेल तर मात्र एसक्यूएलला पर्याय नाही.

७. किती सर्व्हर, कुठे, कुठले पोर्ट

मायक्रोसॉफ्टचं जुनं मार्गदर्शन असं होतं की १,००० ते १५,००० यूजरना दोन फेडरेशन सर्व्हर आणि दोन प्रॉक्सी, १५,००० ते ६०,००० ना तीन ते पाच फेडरेशन सर्व्हर आणि किमान दोन प्रॉक्सी. सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक आहे. यूजर कमी असले तरी दोनाच्या खाली जाऊ नका, एकच सर्व्हर म्हणजे त्याच्या अपडेटच्या वेळी सगळी कंपनी लॉगिनशिवाय.

फेडरेशन सर्व्हर आतल्या नेटवर्कमध्ये, डोमेन कंट्रोलरच्या जवळ. प्रॉक्सी डीएमझेडमध्ये (इंटरनेट आणि आतल्या नेटवर्कच्या मधला भाग), शक्यतो डोमेनला न जोडलेले. फायरवॉलवाल्याला हे लिहून द्या:

- इंटरनेट ते प्रॉक्सी ४४३, प्रॉक्सी ते फेडरेशन सर्व्हर ४४३
- सर्टिफिकेटने लॉगिन होणार असेल तर ४९४४३, किंवा २०१६ पासून सर्टऑथ.एसटीएस.कंपनी.कॉम असं वेगळं नाव घेऊन ४४३ वरच
- फार्मच्या सर्व्हरमध्ये आपसात सिंकसाठी ८०
- फेडरेशन सर्व्हरपासून प्रत्येक यूजर डोमेनच्या डोमेन कंट्रोलरपर्यंत कर्बेरॉस, एलडॅप आणि ग्लोबल कॅटलॉगचा ३२६८

शेवटची ओळ सगळे विसरतात. आपल्या डोमेनचे डोमेन कंट्रोलर पोचतात म्हणून सगळं बरोबर वाटतं, दुसऱ्या फॉरेस्टचे कंट्रोलर दुसऱ्या सबनेटमध्ये फायरवॉलमागे असतात.

लोड बॅलन्सरबद्दल दोन गोष्टी. हेल्थ चेक पोर्ट ८० वर एडीएफएस/प्रोब या पत्त्यावर लावा, तिथे २०० उत्तर आलं म्हणजे सर्व्हर जिवंत. ४४३ वर चेक लावलात आणि लोड बॅलन्सर एसएनआय (कुठल्या नावाचं सर्टिफिकेट हवं ते) पाठवत नसेल तर धडधाकट सर्व्हरही मेलेला दिसतो. आणि प्रॉक्सी ते फेडरेशन सर्व्हरच्या मध्ये टीएलएस कोणीही उघडू नये, ना लोड बॅलन्सरने ना तपासणी करणाऱ्या फायरवॉलने, कारण प्रॉक्सी स्वतःची ओळख क्लायंट सर्टिफिकेटने देतो आणि मध्ये कनेक्शन तोडलं की ती ओळखच पोचत नाही.

८. सर्टिफिकेट

तीन वेगळी सर्टिफिकेटं असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

एक, एसएसएल सर्टिफिकेट. हे सार्वजनिक सीएकडून (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून) घ्या, सगळ्या फेडरेशन सर्व्हरवर आणि प्रॉक्सीवर लागतं. यावर सर्व्हिसचं नाव हवं, सर्टऑथवालं नाव वापरणार असाल तर तेही हवं (स्टार डॉट कंपनी.कॉमचं वाइल्डकार्ड त्याला चालत नाही, ते नाव एक पायरी खोल आहे), आणि डिव्हाइस रजिस्ट्रेशन वापरणार असाल तर प्रत्येक यूपीएन सफिक्ससाठी एंटरप्राइझरजिस्ट्रेशनने सुरू होणारं नावसुद्धा. म्हणजे चौथ्या पायरीतली सफिक्सची यादी इथे परत लागते. ती यादी पक्की होईपर्यंत सर्टिफिकेट विकत घेऊ नका.

सार्वजनिक सर्टिफिकेटचं आयुष्य कमी होत चाललंय. १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. त्यामुळे हाताने बदलण्यावर विसंबू नका, पॉवरशेलची स्क्रिप्ट प्लॅनमध्येच धरा. फेडरेशन सर्व्हरवरची कमांड वेगळी, प्रॉक्सीवरची वेगळी, आणि प्रॉक्सीवर ती प्रत्येक मशीनवर चालवावी लागते.

दोन, टोकन साइनिंग, टोकनवर सही करायचं. तीन, टोकन डिक्रिप्टिंग, एन्क्रिप्ट केलेलं टोकन उघडायचं. ही दोन्ही एडी एफएस स्वतः बनवतं, एका वर्षाची. ऑटो रोलओव्हर चालू असेल तर संपायच्या २० दिवस आधी नवीन बनतं आणि बनल्यापासून ५ दिवसांनी ते प्रायमरी होतं. म्हणजे तुमच्या ॲप्लिकेशनवाल्यांकडे नवीन सर्टिफिकेट घ्यायला ५ दिवसच असतात, आणि जी ॲप्लिकेशन्स मेटाडेटा (फार्म स्वतः प्रसिद्ध करतो ती सर्टिफिकेट वगैरेची माहिती) आपोआप वाचत नाहीत ती सहाव्या दिवशी बंद. ॲप्लिकेशनच्या यादीत एक कॉलम वाढवा: मेटाडेटा आपोआप घेतं का, नसेल तर कोणाला कळवायचं. जास्त ॲप्लिकेशन्स हाताने चालणारी असतील तर हा ५ चा आकडा वाढवून घ्या, सेटिंग आहे.

९. क्लेम आणि ग्रुप

प्रत्येक ॲप्लिकेशनला लागतील तेवढेच क्लेम द्या. ग्रुपवर परवानगी देणार असाल तर डोमेनच्या नावासकट ग्रुप पाठवणारा पर्याय निवडा, कारण दोन डोमेनमध्ये एकाच नावाचा ग्रुप असू शकतो. डोमेन लोकल ग्रुप दुसऱ्या डोमेनमधून वापरायला जाऊ नका, टोकनमध्ये ते अपेक्षेप्रमाणे येत नाहीत. युनिव्हर्सल ग्रुप वापरा.

१०. एकाच क्लाउड टेनंटला (क्लाउडमधल्या कंपनीच्या जागेला) अनेक डोमेन जोडताना

एन्ट्रा आयडीत प्रत्येक फेडरेटेड डोमेनचा इश्युअर यूआरआय (टोकन कोणी दिलं ते सांगणारं नाव) वेगळा लागतो, पण तुमचा फार्म तर एकच इश्युअर पाठवतो. म्हणून दुसरं डोमेन जोडायला गेलात की तो आधीच वापरलाय अशी एरर येते. त्यासाठी सपोर्ट मल्टिपल डोमेन नावाचा पर्याय आहे, त्याने एक क्लेम रूल बनतो जो यूपीएनमधल्या ॲटनंतरच्या भागावरून इश्युअर तयार करतो. पुढे डोमेन वाढण्याची थोडी जरी शक्यता असेल तर पहिल्या डोमेनपासूनच हा पर्याय वापरा. सबडोमेनचे यूजर असतील तर हाच रूल चुकीचा इश्युअर बनवतो, कारण सबडोमेन वरच्या डोमेनची सेटिंग वारशाने घेतं, म्हणून रेग्युलर एक्सप्रेशन बदलून ते वरच्या डोमेनवर आणावं लागतं. एन्ट्रा कनेक्ट या सिंकच्या टूलने सेटअप केलात तर यातलं बरंच ते सांभाळतं, तरी रूल उघडून वाचाच.

फेडरेशन पूर्ण डोमेनला लागतं, पाच-दहा यूजरना नाही. त्यामुळे पहिल्यांदा छोटं टेस्ट डोमेन, आणि काही झालं तरी फेडरेशनवर अवलंबून नसलेलं, ऑनमायक्रोसॉफ्टच्या पत्त्याचं एक ग्लोबल ॲडमिन अकाउंट हाताशी ठेवा.

११. सुरक्षा प्लॅनमध्येच

फेडरेशन सर्व्हरला डोमेन कंट्रोलरइतकीच सुरक्षा द्या. टोकन साइनिंगची खासगी की चोरली तर चोर कोणाच्याही नावाचं खरं दिसणारं टोकन बनवू शकतो, पासवर्ड किंवा दुसरा फॅक्टर काहीही न लागता. या हल्ल्याला २०१७ साली गोल्डन सॅमल असं नाव मिळालं आणि २०२० साली उघडकीला आलेल्या सोलरविंड्सच्या प्रकरणात असं खोटं टोकन बनवण्याचं तंत्र प्रत्यक्ष वापरलं गेलं. म्हणून लॉगिन करू शकणारे ॲडमिन मोजके, बॅकअपची फाइल एन्क्रिप्ट केलेली, आणि व्हर्च्युअल मशीन असेल तर त्याच्या होस्टचे ॲडमिन कोण हेही बघा.

एक्स्ट्रानेट लॉकआउट चालू करा आणि त्याची मर्यादा डोमेनच्या लॉकआउट मर्यादेपेक्षा कमी ठेवा, नाहीतर बाहेरून कोणी पासवर्ड आपटत बसला की खरा माणूस ऑफिसातही लॉक होतो. अनेक डोमेन असतील तर लॉकआउट पॉलिसी प्रत्येकाची वेगळी असते, त्यातली सगळ्यात कडक कुठली ते बघून त्याच्याखाली आकडा ठेवा.

१२. टेस्ट कशी करायची

तक्ता बनवा. उभ्या बाजूला प्रत्येक डोमेनचा एक टेस्ट यूजर, आडव्या बाजूला चार गोष्टी: ऑफिसातून, बाहेरून, मोबाइलवरून, आणि पासवर्ड मुद्दाम चुकवून. स्वतःच्या अकाउंटने टेस्ट करू नका, ॲडमिनचं अकाउंट बहुतेक फार्मच्याच डोमेनमधलं असतं आणि तिथे सगळं चालतंच. लॉगिनचं टेस्ट पान, म्हणजे आयडीपी इनिशिएटेड साइन-ऑन, २०१६ पासून मुळात बंद असतं, टेस्टपुरतं चालू करा आणि नंतर बंद करा. एरर आली तर इव्हेंट लॉगमध्ये ३६४ नंबर शोधा, तिथे ॲक्टिव्हिटी आयडी मिळतो, त्यावरून बाकीच्या नोंदी जुळवता येतात. सगळ्या मशीनची घड्याळं जुळतायत का तेही बघा, विशेषतः डीएमझेडमधल्या प्रॉक्सीची, ते डोमेनमध्ये नसल्यामुळे त्यांना वेळ कुठून मिळते हे कोणी ठरवलेलं नसतं.

एक सर्व्हर बंद करून बघा, मग प्रायमरी, मग एक प्रॉक्सी, मग दुसऱ्या फॉरेस्टचा एक डोमेन कंट्रोलर. प्रत्येक वेळी तक्त्यातला कुठला चौकोन लाल झाला ते लिहा आणि तो तक्ता हेल्पडेस्कला द्या, गो-लाइव्हच्या सकाळी पहिले फोन त्यांनाच येणार आहेत.